गायरानातले एकशे त्रेचाळीस रहिवासी

जमिनीवरच्या माणसांपेक्षा जमिनीखालच्या मंडळींशी ज्याचा घरोबा अधिक होता, असा एकच इसम मी उभ्या जन्मात पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. पुणतांब्याच्या अलीकडे दोन कोसांवर, गोदावरीच्या काठी, त्यांचं गाव. मी त्या गावच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा लढाईचे दिवस होते. मावशीचं घर असताना दुसरीकडे कुठं राहायचं, म्हणून मी वळकटी घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. दार काकांनीच उघडलं. डोक्यावर सोला हॅट, कमरेला धोतर, अंगात बंडी आणि हातात खुरपं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "थांब. तिथंच थांब. तुझ्या डाव्या टाचेखाली मुंगळ्यांचा रस्ता आहे." ती रांग संपेपर्यंत मी एका पायावर उभा होतो. तोवर मावशीनं केलेला चहा निवून गेला होता, म्हणजे माझा एकट्याचा. काका चहाला शिवत नसत.

ही दुसरी गंमत. कारण या गृहस्थानं ऐन उमेदीची बारा वर्षं निलगिरीच्या डोंगरात एका चहाच्या मळ्यावर रायटर म्हणून काढली होती. रायटर म्हणजे लिहिणारा कारकून. गावाला वाटे, बारा वर्षं चहाच्या मळ्यावर राहिलेल्या माणसाच्या घरी चहाचे पाट वाहत असतील. लोक मुद्दाम सकाळी सकाळी यायचे. काका त्यांना ताक द्यायचे, वर बजावायचे, "चहा पिऊ नका. एका पेल्यामागं किती गांडुळं बेघर होतात, ठाऊक आहे?" आता याचं उत्तर कोण देणार! लोक ताक प्यायचे, मिशा पुसायचे आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन चहा घ्यायचे. तिथं चर्चा एकच असायची, की डोंगरातल्या हवेनं ब्राह्मणाचं डोकं बिघडलं.

काकांचं डोकं सदैव खाली. माणूस ते चेहऱ्यावरून ओळखत नसत, वहाणेवरून ओळखत. एकदा मी नव्या वहाणा घेतल्या तर दोन दिवस मला 'पाहुणे' म्हणत होते. पहिला मृगाचा किडा दिसला की हॅट काढून त्याला नमस्कार करायचे. तांबड्या मखमलीचा तो एवढासा जीव, त्याला बिचाऱ्याला काय त्याचं! भाताची पेज किंवा न्हाणीतलं कढत पाणी परसात ओतायची मावशीला बंदी होती. ते आधी निववायचं, बोट घालून पाहायचं आणि मग हलक्या हातानं सोडायचं. मावशी म्हणायची, "माझ्या हाताला चटके बसलेले चालतात, यांच्या गांडुळांना बसलेले चालत नाहीत." पण पाणी मात्र निववायची.

खरं भांडण होतं ते परातीवरून. काकांना खानेसुमारीचा नाद होता. सरकारी खानेसुमारी नुकतीच दोन-तीन वर्षांमागं होऊन गेली होती आणि तिच्यात मीही गणनेवर होतो, हे कळल्यापासून ते मला एकदम बरोबरीनं वागवू लागले. "मास्तर, तू वरची मोजलीस. मी खालची मोजतो. तुझं काम सोपं, तुझी माणसं विचारलं की नाव सांगतात." त्यांची रीत ठरलेली होती. हातभर लांब, हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्यायचा. त्यातली सगळी माती परातीत काढायची. मग मांडी घालून लिंबाच्या काडीनं ती माती चिवडत बसायचं. गांडुळं एका वाटीत, शेणकिडे दुसऱ्या वाटीत, गोमी तिसरीत, कोळी झाकणाखाली. मोजून झालं की सगळ्यांना त्याच खड्ड्यात परत सोडायचं, वर माती सारखी करायची आणि हात जोडून म्हणायचं, "तसदी दिली, माफ करा." वाळवी तेवढी मोजायची नाही. काका म्हणायचे, "वाळवी म्हणजे लग्नाची पंगत. तिथं माणसं कोण मोजतं?" तर यातली परात होती मावशीच्या माहेरची, पितळी, सोवळ्यातली. तिच्यात पहिल्यांदा गांडुळं पाहिली त्या दिवशी मावशीनं चूल पेटवली नाही. मग परात चिंचेनं घासली, राखेनं घासली, गोमूत्र शिंपडलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यात गोमी. शेवटी तिनं हात टेकले. "न्या. आता ती तुमचीच. माझी कणीक मी काथवटीत भिजवीन," म्हणाली, आणि काका तिला म्हणाले, "अगं, लाकडात फार छान भिजते." तिनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

हे सगळं गाव चेष्टेवारी नेत होतं. प्रत्येक घरचं एक माणूस वेडं असतंच, तसं गावाचंही असतं. पण त्या वर्षी गायरानाचा प्रश्न निघाला आणि काकांच्या वेडाला एकाएकी धार आली.

गावाच्या उत्तरेला ओढ्यापलीकडं गायरान होतं. चार बाभळी, बोरीची जाळी, कुसळी गवत आणि गावची गुरं. लढाईमुळे धान्याची टंचाई, म्हणून पडीक जमिनी लागवडीला द्यायचं सरकारनं काढलं होतं. आमच्या गावचे मोठे बागाईतदार आप्पा, त्यांनी त्या गायरानासाठी अर्ज केला. पाटाचं पाणी आल्यापासून आप्पांची अशी पक्की समजूत झाली होती की पाणी असलं की कुठंही काहीही येतं. ऊस आला, मोसंबी आली, मग चहा का येऊ नये? होय, चहा. वैशाखात जिथं दगड तडकतात त्या आमच्या नगर जिल्ह्यात, चुनखडीच्या काळ्या जमिनीत, आप्पा चहाचा मळा लावणार होते. कुठल्याशा बागेतून पार्सलनं पंचवीस रोपं मागवून त्यांनी विहिरीजवळ लावलीसुद्धा होती, आणि सल्ला घ्यायला ते आले ते थेट काकांकडे.

"काका, तुमी चहाच्या मुलखात बारा वर्सं काढली. तुमच्यावानी जानकार जिल्ह्यात न्हाई. तुमी फकस्त हुबं ऱ्हायाचं. रान रिकामंच पडलंय, कुनाचं काय जातंय?"

काकांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "रिकामं नाही ते," म्हणाले, आणि खुरपं घेऊन उठून गेले. आप्पा माझ्याकडे पाहत राहिले. मी वहाणांकडे पाहिलं. घरची सवयच लागली होती.

त्या संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "अहो, एवढं कशाला? तालुक्याचे साहेब जमीन पाहायला येतील, त्यांच्यापुढं चहा इथं येत नाही, एवढं एक वाक्य बोला. तुमच्या शब्दाला वजन आहे. अर्ज तिथंच बारगळेल."

"तो माझा मुद्दा नाही."

"पण खरं आहे ना?"

"खरं आहे. पण ते सांगितलं तर काय होईल? चहा जाईल आणि ऊस येईल. ऊस गेला तर मोसंबी येईल. रान रिकामं आहे हे तसंच कागदावर राहील." काका गप्प बसले की मावशी स्वयंपाकघरातून डोकावून बघायची, तशी तिनं बघितलं. आणि तिच्यासमोर, मला उद्देशून, काकांनी ती गोष्ट सांगितली. मळ्यावर नवे असताना साहेबानं त्यांना एका उताराचा कागद भरायला दिला होता. उतारावर जंगल होतं. कागदात एक रकाना होता, जमिनीवर काय आहे? काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'रिकामी'. साहेबानं अक्षराची तारीफ केली. जंगल तुटलं, चहा लागला.

"मी दुपारी त्याच उतारावर डबा खायला बसायचो," काका म्हणाले. "जंगल होतं तेव्हा भाताचं शीत सांडलं की मी ते उचलायच्या आत कोणीतरी घेऊन जायचं. मुंगी, किडा, कोण कोण. चहा लागला. खाली पाचोळा राहू देत नव्हते, तण राहू देत नव्हते, माती झाडून काढल्यासारखी. एक दिवस शीत सांडलं, मास्तर, ते संध्याकाळपर्यंत तिथंच होतं. तेव्हा मी पहिला खड्डा घेतला. अगदीच कोणी नव्हतं असं नाही. दोन-तीन जाती होत्या, आणि त्या मात्र उदंड. बारा बलुतेदार गाव सोडून जावेत आणि नुसते पाटलाचे भाऊबंद उरावेत, तसं. बाजूच्या जंगलात खड्डा घेतला तर वाट्या पुरेनात. ते सगळे त्या उतारावर होते, आणि मी लिहिलं होतं, रिकामी. पुन्हा तो शब्द माझ्यादेखत लिहिला जाऊ द्यायचा नाही, एवढंच मला बघायचंय."

मावशीनं पानं मांडली. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिलाही त्यांनी सांगितली नव्हती, हे मला नंतर कळलं.

इकडे आप्पांच्या चहाला बहर आला होता. म्हणजे गावात तसा बोभाटा होता. रोपं कमरेइतकी झाली आणि आप्पांनी पानं वाळवून, कुटून, गूळ घालून गावाला चहा पाजायला सुरुवात केली. चव कडू जहर. पण गावातल्या मोठ्या माणसाचा चहा, नाक मुरडणार कोण? "लई झ्याक. अस्सल माल हाय," असं म्हणत लोक प्यायचे आणि गुळाचा खडा मागून घ्यायचे. मीही प्यालो आणि 'सुगंध बरा आहे' असं काहीतरी बोललो. मास्तरकीत खोटं बोलायची सवय होते. नवल एवढंच की त्या पावसाळ्यात गावात कुणालाही खोकला झाला नाही. काका एकदाच तिकडून गेले. झुडपांकडे पाहिलं, मग त्यांना पाणी घालणाऱ्या गेनूकडे पाहिलं. गेनू आप्पांचा जुना माळी. त्यानं मान खाली घातली. काका हसले आणि निघून आले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. तो माझा मुद्दा नाही."

भाद्रपदात तालुक्याहून साहेब जमीन पाहायला आले. गायरानात बाभळीखाली सतरंजी, दोन खुर्च्या, तलाठी दप्तर घेऊन बसलेला, निम्मं गाव भोवती उभं. आप्पांनी पितळी किटलीतून खास आपला चहा आणवला होता, इथं चहा येतो याचा पुरावा म्हणून. काका सकाळपासून तिथंच एका खड्ड्याशी बसून होते. ऊन चढलं तसे ते अस्वस्थ झाले, माती तापेल म्हणून. आणि मग ओढा ओलांडून कोण यावं? मावशी. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात ओलं फडकं. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची नाही अशी तिची रीत, पण त्या दिवशी ती सरळ पुढं आली, परातीवर फडकं पांघरलं आणि म्हणाली, "उन्हानं कासावीस होतील बिचारी." गाव खदाखदा हसलं. मला हसू आलं नाही.

साहेब तरुण होते, कंटाळलेले होते आणि पुणेरी होते. त्यांनी आप्पांना विचारलं, "चहा म्हणजे धान्य आहे का हो?"

"आमच्या गड्यांचं तेच धान्य हाय, साहेब. त्याबिगर औत हालत न्हाई. घ्या, घोटभर घ्या."

साहेबांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा मिरची लागल्यागत झाला, पण शिक्षण चांगलं, त्यांनी तो गिळला. "इथं कोणी जाणकार आहे?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. झाडून सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. साहेबांनी पेला पुढं केला. "सांगा बघू, हा चहा आहे का?"

काका उठले. हॅट काढली. "सांगतो. पण आधी परात पाहा. तुमच्या तलाठ्यानं कागदात रान रिकामं असं लिहायला टाक उचलला आहे. तेवढं मोजून घ्या, मग मी चहा पिऊन सांगतो."

आणि साहेब उठले. कंटाळलेला माणूस कशालाही तयार होतो. परातीपाशी ते उकिडवे बसले, काकांनी फडकं काढलं आणि मोजणी सुरू झाली. पहिली दहा गांडुळं साहेबांनी नाकाला रुमाल लावून पाहिली. मग शेणकिडे आले. मग एक सोनेरी पाठीचा किडा निघाला आणि साहेबांचा रुमाल खाली आला. एक गोम त्यांच्या बुटावर चढली तेव्हा गाव मागं सरकलं, साहेब सरकले नाहीत. "ही मोजली का?" म्हणाले. तासभर असं चाललं होतं. आप्पा खुर्चीत पेंगले. शेवटी एकशे त्रेचाळीस भरले, वाळवी सोडून. काका म्हणाले, "हातभर जागेतले हे. आता सांगा, रिकामी?"

"नाही बुवा," साहेब म्हणाले, अगदी मनापासून.

पण तलाठी अडला. छापील कागदात झाडं, विहिरी, घरं, राहणारे, असे रकाने होते. किड्यांना रकाना नव्हता. तो टाक धरून विचारायला लागला, कुठं लिहू, कुठं लिहू. साहेबांना उन्हाचं भान आलं होतं. "लिहा की राहणाऱ्यांत. राहतातच ना ते? चला, आटपा." तलाठी हुकमाचा ताबेदार. त्यानं 'राहणारे' या रकान्यात एकशे त्रेचाळीस लिहिलं आणि घराशिवाय राहणारे कसे असतील, म्हणून घरांच्या रकान्यात आपल्या अकलेनं एक घर घातलं. साहेबांनी न वाचता सही केली.

मग काकांनी पेला घेतला. ज्या माणसानं कित्येक वर्षांत चहाला तोंड लावलं नव्हतं त्यानं डोळे मिटले, घोट घेतला आणि तो तोंडात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "अडुळसा आहे. उत्तम आहे, पण अडुळसा आहे."

आप्पा ताडकन उठले. गेनू त्यांच्या पायांशीच जाऊन बसला. "मालक, चहाची रोपं तर चैतातच करपली हुती. तुमी रागं भराल म्हनून मी तिथं कुपाटीचा अडुळसा लावला. वाटलं हुतं, तुमाला सांगावं. पर तुमी गावाला पाजाया लागला, मंग मला तोंडच न्हाई ऱ्हायलं."

आता आप्पा गेनूला चाबकानं फोडतात की काय, असं सगळ्यांना वाटलं. आप्पा बराच वेळ त्या किटलीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "व्हय रं, म्हनूनच माझा खोकला गेला." आणि स्वतःच हसायला लागले. मोठा माणूस हसला म्हटल्यावर गावाला परवानगी मिळाली. काका त्या गडबडीत नव्हते. ते परात घेऊन खड्ड्यापाशी गेले होते आणि एकेकाला घरी पोचवत होते.

परतताना ओढ्यात पाय बुडवून ते क्षणभर थांबले. मावशी परात डोक्यावर घेऊन पुढं गेली होती. "मास्तर," ते म्हणाले, "अडुळसा आहे हे मला झुडूप पाहूनच कळलं होतं. तरी पेला तोंडाला लावताना वाटलं, चहा निघावा. तो वास नाकात भरावा एकदा. फार आवडायचा रे मला." असं काही ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि घरी ताकच पीत राहिले.

त्या कागदाचं पुढं जे झालं ते मात्र कुणीच ठरवलेलं नव्हतं. आप्पांनी पुढच्या वर्षी त्याच गायरानात उसासाठी अर्ज केला. तो परत आला. वर शेरा होता, 'जागेत वस्ती आहे, देता येत नाही.' दुसऱ्या कुणी मोसंबीसाठी केला, तोही तसाच परत आला. वरच्या कचेरीत कुणीतरी त्या रकान्यातला आकडा माणसांचा समजून नकलून घेतला होता, आणि सरकारी आकडा एकदा वहीत चढला की ब्रह्मदेवालाही खाली उतरवता येत नाही. गायरानात गुरं चरत राहिली. काकांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मावशीनं त्यांना अडुळसा दिला.

काका गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. पौषात, थंडीत, दोन दिवसांच्या तापानं. मावशी अजून कढत पाणी निववूनच परसात सोडते.

परवा नव्या खानेसुमारीच्या आधी घरांना नंबर घालायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. वरून जी यादी आली तिच्यात शेवटची नोंद होती: गायरान, घर एक, माणसं एकशे त्रेचाळीस. एका घरात एवढी माणसं कशी, याची समक्ष चौकशी करून कळवावं, असं खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं. आता काय कळवणार! गेरूचा डबा, कुंचला आणि मावशीकडून मागून घेतलेली परात घेऊन मी गायरानात गेलो. नुकताच पाऊस उघडला होता. बाभळीजवळ बसलो, हातभर लांब, हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा घेतला आणि लिंबाच्या काडीनं मोजायला लागलो. मला ते नीट येत नाही. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा पहिल्यापासून मोजले. काका शेजारी असते तर रागावले असते. त्यांची फार आठवण आली. एकशे एकावन्न भरले, वाळवी सोडून. सगळ्यांना परत खड्ड्यात सोडलं, माती सारखी केली, आणि तसदी दिल्याबद्दल माफी मागितली. शेजारच्या दगडावर गेरूनं नंबर घातला. मग यादी गुडघ्यावर घेतली, आकडा दुरुस्त केला, आणि चौकशीच्या रकान्यात शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'समक्ष पाहिले. सर्व मंडळी घरी होती.'